पाय बघणाऱ्या बाई

बाई नव्या माणसाच्या तोंडाकडे उशिरा बघत. आधी पायांकडे. मी विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ग्रंथालय सांभाळायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या एक जाडजूड ग्रंथ परत करायला आल्या. पुस्तक टेबलावर ठेवलं, जराशा वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "लावणी करून आलात वाटतं. कुठलं गाव?"

"किकवी."

"शेत ओढ्याकाठी असणार. बोटांच्या बेचक्यात पांढरं पडलंय. रात्री खाजतं ना? चप्पल काढा, बघू."

दोन प्राध्यापक मासिकं चाळत बसलेले, भर दुपार, आणि एक अनोळखी बाई मला चप्पल काढायला सांगतेय. मी काढली. त्यांनी पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला, एक बोथट पातं काढलं, खाली बसल्या आणि माझ्या करंगळीजवळची कातडी हलक्या हातानं खरवडून काळ्या कागदाच्या पुडीत घेतली. पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'लायब्ररी, किकवी'. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव लायब्ररी. शेवटपर्यंत त्या मला "अहो लायब्ररी" अशीच हाक मारत आल्या.

परवा विभागात त्यांची शोकसभा झाली. निवृत्त विभागप्रमुख अध्यक्षस्थानी होते. सगळा विभाग त्यांना 'सर' म्हणायचा, मीही म्हणायचो, म्हणून इथंही सरच म्हणतो. सर बोलताना म्हणाले, की बाई शांत होत्या, सोशिक होत्या, प्रसिद्धीपराङ्मुख होत्या. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो. मला भाषण करता येत नाही, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण लिहिता येतं, सावकाश का होईना. म्हणून लिहून ठेवतो, की हे तिन्ही शब्द खोटे आहेत. बाई शांत नव्हत्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या. त्यांना सोसायला लावलं, आणि ज्यांनी लावलं त्यांनीच फोटोला हार घालून त्यांना सोशिक म्हटलं.

बाई वेल्ह्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, घरात बुद्धाची तसबीर आणि पुस्तकांची एक फळी. त्या काळात त्या वाडीतून एम.एस्सी.पर्यंत पोचणं म्हणजे काय, हे मी किकवीच्या शेतकऱ्याच्या घरातून आलो असूनही मला पुरतं कळलं असेल असं वाटत नाही. विभागात त्यांना संशोधन सहायकाची जागा मिळाली होती. ही जागा एका औषध कंपनीच्या अनुदानावर चालायची आणि दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागायची. काम एकच. नायटा, गजकर्ण, चिखल्या अशा कातडीच्या बुरशीवर नवी औषधं निघत होती. ती माणसाला लावण्याआधी प्रयोगशाळेत त्यांची परीक्षा कशी घ्यायची, त्याची पद्धत बसवायची.

पद्धत तशी आधीपासून होती. काचेच्या बशीत बुरशीचं खाद्य ओतायचं, त्यात औषध मिसळायचं, वर बुरशी ठेवायची. वाढली तर औषध नापास, नाही वाढली तर पास. बुरशी विभागाच्या कपाटात नळ्यांमधून ठेवलेली असायची. वर्षानुवर्षं एका नळीतून दुसऱ्या नळीत घालत जपलेली. बाईंना तिचा राग होता.

"ही बुरशी पाळीव झालीय," त्या म्हणायच्या. "कपाटात बसून आयतं खाल्लंय तिनं. कुठलंही औषध दाखवा, शेपूट घालते. मला रानटी पाहिजे."

रानटी बुरशी वेल्ह्याला होती. आषाढात भाताची लावणी सुरू झाली, की दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहून माणसांच्या पायांच्या बेचक्या कुजतात. त्याला चिखल्या म्हणतात. कुणी बिब्बा घालतं, कुणी रॉकेल लावतं, कुणी मेंदी थापतं आणि दुसऱ्या दिवशी परत चिखलात उतरतं. बाई दर पावसाळ्यात सुट्टी नसेल तर रविवारपुरती, असेल तर आठवडाभरासाठी एसटी धरून वेल्ह्याला जायच्या आणि तिथून चालत पासली गावापर्यंत. पिशवीत स्पिरिट, बोथट पातं आणि काळा कागद. कातडीचा भुगा पांढरा असतो, तो काळ्यावर दिसतो. भोरच्या फोटो स्टुडिओत फोटोच्या कागदाची वेष्टणं टाकून देत, ती बाई मागून आणायच्या.

दोन पावसाळे मीही त्यांच्याबरोबर गेलो. पासलीच्या शाळेच्या पडवीत त्या पाट मांडून बसत आणि एकेकाचा पाय आपल्या मांडीवर घेत. माणसं अवघडायची. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या पायाला हात लावायचा तो नमस्कारासाठी. पाय मांडीवर घेऊन भिंगातून न्याहाळणारी शिकलेली बाई कुणी पाहिली नव्हती.

पहिल्या वर्षी धोंडिबाबा पुढं आले. पन्नाशीचे, काटक, तोंडाळ. पाय पुढं करून म्हणाले, "बाई, पाय कसला बघता? त्वांड बघा की. त्वांडाकडं बघून निदान बायकू तरी मिळाली. पायाकडं बघून कुनी भाकर बी न्हाई दिली."

"तोंडाला चिखल्या झाल्या की तोंड बघीन," बाई म्हणाल्या.

पडवी हसली. मग कुणीतरी विचारायचं तेच विचारलं, "तुमी कुनाच्या?"

बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, आणि विचारायच्या आत बौद्ध म्हणूनही सांगून टाकलं. मागच्या दोघातिघांनी पाय आखडून घेतले. धोंडिबाबांनी नाही घेतला. म्हणाले, "खाज सुटती तेवा जात बघून सुटती व्हय? तुमी खरवडा."

त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा शेवटच्या घराच्या दारात एक म्हातारी आपल्या मुलाच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतत होती. मी बघितलं, बाईंनीही बघितलं. माझे कान तापले. ती माझ्याच जातीची माणसं होती. बाई म्हणाल्या, "खरवडल्यावर पाय धुवायचेच असतात, लायब्ररी. त्यांनी कशासाठी धुतले ते त्यांचं त्यांना माहीत. पण धुतले ते बरं केलं."

घरी वेगळंच. त्यांच्या वडिलांना, अण्णांना, हे काम कळलं तेव्हा त्यांनी जेवण टाकलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. अण्णांचा आवाज माझ्यासारखाच हळू, पण त्यातलं एकेक अक्षर लागत होतं. "आपल्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. मी माझ्या मुलांना माझ्या पाया पडू दिलं नाही. लई पिढ्या पाय धरले आपण. तुला शिकवलं ते परत धरायला?"

"मी धरत नाही, अण्णा. बघते."

"खाली बसून?"

"पाय खालीच असतात."

अण्णा उठून गेले. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांचंही खरंय. पण पाया पडताना माणूस डोळे मिटतो. मी उघडे ठेवते. हे त्यांना एक दिवस सांगेन." सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

बाईंना औषधाची नवी परीक्षा सुचली ती याच पडव्यांमधून. एका पावसाळ्यात त्यांनी वेल्ह्याहून टाचांची जाड कातडी आणली. भेगाळलेल्या टाचा लोक विळ्यानं तासून टाकतात, ते तुकडे. ते उकडून स्वच्छ करायचे, त्यांच्यावर पासलीची रानटी बुरशी वाढू द्यायची. दोन-तीन आठवड्यांत कापसासारखी पांढरी बुरशी चढायची. बशीत घेऊन उलटी बघितली तर खालून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. मग तुकडा औषधात बुडवायचा, वाळवायचा, आणि इथं बाईंची खरी करामत: तो तुकडा मलमलच्या पुरचुंडीत बांधून नळाखाली धुवायचा. धुऊन झाला की परत बशीत ठेवायचा आणि वाट बघायची. बुरशी परत उठली, तर औषध नापास.

विभागात याची टिंगल झाली. नळांना लटकलेल्या पुरचुंड्या बघून कुणीतरी 'धोबीघाट' म्हणालं आणि ते नाव चिकटलं. बाईंनी तेच उचललं. नळाशी कुणी उभं असलं की म्हणायच्या, "सरका, धोबीघाट चालू आहे." पुढं त्या वेल्ह्याहून कॅनमधून खाचराचं गढूळ पाणी आणायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "नळ पुण्याचा आहे. पाय पुण्याचे नाहीत."

त्यांना घाई सहन होत नसे. कंपनीचे लोक यायचे, तिसऱ्या दिवशी बशीत काही दिसत नाही म्हणून खूश व्हायचे. बाई बशी त्यांच्या हातातून काढून घेत. "तिसऱ्या दिवशी तर बी पेरलेलं शेतही मोकळंच दिसतं," असं तोंडावर म्हणत. याला शांत स्वभाव म्हणतात का, ते सरांनी सांगावं.

मग ते गुलाबी औषध आलं. अनुदान देणाऱ्या कंपनीचंच. पातळ, गुलाबी, वासाला गोडसर. बशीच्या परीक्षेत अगदी अव्वल ठरलं. कपाटातली बुरशी त्यापुढं जराही वाढली नाही. धोबीघाटावर मात्र सगळं उलटं झालं. धुतलं की औषध निघून जायचं आणि दोन आठवड्यांनी बुरशी पहिल्यापेक्षा जोमानं उठायची. बाईंनी ते पुनःपुन्हा करून बघितलं. दर वेळी तेच.

बैठक ग्रंथालयात झाली, कारण मोठं टेबल तिथंच होतं. मी मासिकं लावण्याच्या निमित्तानं तिथं होतो. सर नेहमी हसून बोलायचे. ते परदेशात शिकून आले होते आणि त्यांच्या बोलण्यात कधी कुणाला दुखवण्याचा हेतू असतो असं वाटायचं नाही. म्हणून ते जास्त दुखायचं.

"बाई, जगभर एकच पद्धत आहे," सर म्हणाले. "बशीत वाढ थांबली, औषध चाललं."

"थांबली, सर. मेली नाही. धुतलं की उठते."

"पण औषध लावून पाण्यात कोण उभं राहणार आहे?"

"अख्खा वेल्हे तालुका राहतो."

"मग त्यांना सांगा, राहू नका."

टेबलाभोवती हसू फुटलं. बाई थांबल्या. हसू संपल्यावर म्हणाल्या, "सांगते. मग भात तुम्ही लावा."

आता कुणी हसलं नाही. सरांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "एवढ्या शिकलात बाई, पण तुम्हा लोकांच्या हातून पाय काही सुटत नाहीत."

टेबलाभोवतीची सगळी माणसं आपापल्या कपात बघायला लागली. त्यातली तिघं पुरोगामी म्हणून प्रसिद्ध होती, एक जण सभासंमेलनांतून समतेवर बोलत असे. एकानंही मान वर केली नाही. बाईंचा आवाज मात्र तसाच होता. "तुमच्या हातून सुटलेत, सर. म्हणून तर औषध कळत नाही तुम्हाला."

आणि उठून गेल्या.

कंपनीला गेलेल्या अहवालात धोबीघाट नव्हता. 'प्रमाणित नसलेली पद्धत' म्हणून वगळला. बाई सरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, की मग माझं नावही वगळा. सर म्हणाले, काम तुम्ही केलंत, श्रेय नाकारून कसं चालेल? नाव राहिलं. या माणसाचा कावा मला तेव्हा कळला नव्हता. मला वाटलं, निदान नाव तरी ठेवलं.

पुढच्या आषाढात, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, कंपनीनं वेल्ह्यात मोफत औषधवाटपाचं शिबिर घेतलं. बाजाराच्या दिवशी टेम्पो, त्यावर कर्णा, आणि कर्ण्यातून आवाज: "आपल्या तालुक्याच्या लेकीनं, पायाच्या बाईंनी तपासलेलं औषध!" बाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या त्या दिवशी पुण्यात होत्या. लोकांनी बाटल्या डोळे झाकून नेल्या. नेणारच. ज्या बाईनं तुमचा पाय मांडीवर घेतला, तिचं नाव ऐकल्यावर दुसरं काय विचारायचं राहतं?

नुसता गुण आला नसता तरी चाललं असतं. पण लावणीची एक रीत असते. ज्याचे पाय फार कुजलेत, त्याला चार दिवस चिखलात उतरवत नाहीत. तो बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधतो, नाहीतर भाकरी पोचवतो. त्याच्या वाटची ओळ बाकीचे ओढतात, कुणी बोलत नाही, कारण उद्या आपलीही पाळी येणार असते. गुलाबी औषध घरोघर गेलं आणि ही रीत मोडली. "औषीद लावलंय न्हवं? मग उतर खाली." बापानं मुलाला म्हटलं, सासूनं सुनेला म्हटलं. माणसं सकाळी औषध लावून उतरली, घटकाभरात ते चिखलात विरघळलं, आणि उघड्या कातडीनं ती दिवसभर उभी राहिली.

बऱ्याच जणांचे पाय सुजले. धोंडिबाबांचा सगळ्यांत जास्त. ते तर बाईंवरच्या विश्वासानं दिवसातून दोनदा लावत होते. पायात पू झाला, ताप भरला, पुण्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत काळं पडलं होतं. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

बाईंना कळलं तशा त्या पासलीला गेल्या. मी बरोबर होतो. पडवीत पाट मांडला, पुढं कुणी आलं नाही. मग त्या धोंडिबाबांच्या अंगणात गेल्या. पायाला चिंध्या गुंडाळून ते खाटेवर बसले होते. बाईंना बघितलं आणि त्यांचं तोंड सुटलं. जे ते बोलले ते मी इथं लिहिणार नाही. आई, बाप, जात, शिक्षण, काही सोडलं नाही. अंगणात गाव जमा झालं होतं. बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतलं. मी मध्ये बोलायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं, असं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "सांगितलं का नाही? एक वाक्य पुरे होतं. औषध माझं नाही, मी नको म्हणाले होते."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांनी पाय कंपनीला दिले नव्हते, लायब्ररी. मला दिले होते."

"पण दोष—"

"दोष सरांचा आहे, कंपनीचा आहे, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? मी त्या माणसाचा इतका राग करते की रात्री दात दुखतात. पण बोटं तुटलेल्या माणसापुढं उभं राहून मी स्वतःची सुटका करून घेऊ?"

मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. माझं त्यांच्याशी एवढं एकच भांडण होतं आणि ते तसंच राहिलं.

वर्षअखेरीला त्यांच्या जागेची मुदत वाढली नाही. कारण दिलं नाही. विभागानं निरोपाचा चहा केला, सरांनी शाल दिली. बाईंनी ती शाल तिथंच खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली आणि गेल्या. ही गोष्ट शोकसभेत कुणी सांगितली नाही.

मग भोर. एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. आठवड्याआड मी किकवीला जायचो, तेव्हा वाट वाकडी करून भोरला त्यांना भेटायचो, मागतील ती पुस्तकं न्यायचो. शाळेच्या प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात त्यांनी बश्या मांडल्या होत्या. घरचा प्रेशर कुकर, त्यात खाद्य उकळायचं; खिडकीला जाळी; नळाला मलमलच्या पुरचुंड्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. पासलीची बुरशी मात्र त्यांनी जिवंत ठेवली होती. ती पाळीव होऊ नये म्हणून पुन्हापुन्हा टाचेच्या कातडीवर चढवत. पासलीत मात्र पुन्हा पाट मांडला नाही.

एके रविवारी गेलो तर म्हणाल्या, "सर येऊन गेले."

"कुठं, इथं? कशाला?"

"गाडी घेऊन. कंपनीचं नवं औषध आलंय, मलम. मागच्या वेळी तक्रारी फार झाल्या, या वेळी बाजारात काढायच्या आधी धोबीघाट करून पाहिजे म्हणाले. गुपचूप. नाव कुठं येणार नाही म्हणाले." त्या हसल्या. "मी नाव वगळा म्हणाले तेव्हा ठेवलं. आता ठेवायची वेळ आली तर वगळतात. गमतीचा माणूस आहे."

"तुम्ही हाकलून दिलंत ना?"

"हो म्हणाले मी."

माझ्या हातातली पुस्तकं मी टेबलावर आपटली. आयुष्यात पुस्तक आपटण्याची माझी ती एकमेव वेळ. "बाई, या माणसानं तुम्हाला भर बैठकीत काय म्हटलं ते विसरलात?"

"तुम्ही विसरला नाहीत तर मी कशी विसरेन? त्यांना म्हटलं गाडीतच बसा, आत येऊ नका. नमुना खिडकीतून घेतला." मग थांबून म्हणाल्या, "पण हे मलम पास झालं तर आधी कुठं वाटणार? जिथं पाय आहेत तिथंच ना. माझा राग राखायला परत त्यांची बोटं घालवू?"

पुढचा दीड महिना त्या ते मलम धूत होत्या. एक दिवस बश्या उलट्या करून मला दाखवल्या. खालून सगळ्या डाळिंबासारख्या लाल. सरांना 'नापास' असा निरोप गेला. मलम बाजारात आलं नाही. कंपनीनं पैसा वाचला म्हणून सरांचा सत्कार केला, 'सावध वैज्ञानिक दृष्टी' म्हणून त्यांचं कौतुक झालं. मी ते छापील पत्रक ग्रंथालयात नोंदवून फळीवर लावलं. ते माझं काम होतं.

आणि वेल्ह्यात काय झालं? काहीच झालं नाही. त्या आषाढात टेम्पो आला नाही, कर्णा वाजला नाही. ज्यांचे पाय कुजले ते बांधावर बसले, त्यांच्या ओळी दुसऱ्यांनी ओढल्या. जे औषध आलंच नाही, त्याबद्दल कोण कुणाला दुवा देणार?

या वर्षी श्रावणात बाई काविळीनं गेल्या. आठ-दहा दिवसांचं आजारपण. अण्णा उशाशी बसून होते. जायच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांचे पाय सुजले होते आणि अण्णा ते चेपत होते. मला बघून त्यांनी हात काढला नाही.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी पासलीला गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. धोंडिबाबा ओट्यावर इरलं दुरुस्त करत होते.

"बाई गेल्या," मी म्हणालो.

"कंच्या बाई?"

"पायाच्या."

हात थांबला. "कशानं?"

"कावीळ."

"वय लई नव्हतं." त्यांनी पाय पुढं केला. "ह्ये बघा. पाऊस लागला की आजून ठनकतं. दर साली लावनीला शिव्या घालतो म्या त्यास्नी. औंदा बी घातल्या."

मी बसलो आणि सांगितलं. बैठक सांगितली, धोबीघाट सांगितला, कर्णा कुणी लावला ते सांगितलं, मलमाचं सांगितलं. मी सावकाश बोलतो. त्यांनी घाई केली नाही.

"म्हंजी ते गुलाबी पानी त्यांचं न्हवतंच?"

"नव्हतं. नको म्हणून भांडल्या होत्या."

"आन दुसरं?"

"दुसरं त्यांनी येऊ दिलं नाही."

"मग बोलल्या का न्हाईत? ह्याच अंगनात म्या त्यास्नी आयभैनीवरनं बोललो. समदं गाव हुतं. ऱ्हायल्या उब्या." त्यांचा आवाज चढला. माझ्यावर चढला असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं. इतके दिवस चिडलेलं दुसरं कुणी मला भेटलं नव्हतं. "मग आता मी शिव्या कुनाला घालू? आं? सांगा की. कुनाला?"

मी सांगितलं. सरांचं पूर्ण नाव सांगितलं, पदव्यांसकट. पुण्यातली कॉलनी सांगितली, बंगल्याचा रंग सांगितला, सकाळी ते व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसतात तेही सांगितलं.

धोंडिबाबांनी इरलं बाजूला ठेवलं.

"यष्टी कंची?"

"वेल्ह्याहून सकाळची. स्वारगेटची."

"आन फुडं? म्या पुन्यात कदी एकला फिरलो न्हाई."

"मी स्वारगेटला उभा राहतो," मी म्हणालो.